शेवटचा चमचा

मंगळवार, ३ नोव्हेंबर

आज सकाळी मी फजरची नमाज अंगणातच पढलो, ओले हात बाहीला पुसले आणि कारखान्यात जाऊन तेजाबाचा नळ उघडला. त्याआधी आशूरला विचारलं होतं, "चमचा बोलला का?" तो म्हणाला, "गप्प आहे." माझ्या हातून झालं ते एवढंच. ते आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना हात नीट चालेल असं वाटत नाही.

जहाजांचं जळकं तेल आमच्याकडे येतं आणि त्यात समुद्राचं पाणी असतंच. रात्रभर भट्टीवर तापवून ते उडवायचं, तेल निवू द्यायचं, मग शिशाच्या टाकीत घेऊन बारीक धारेनं तेजाब सोडायचं. आगीचं पाणी म्हणतात त्याला आमच्याकडे. ते तेलातला काळेपणा ओढून घेतं आणि गाळ होऊन तळाला बसतं. पण तेलात पाणी राहिलं असेल तर ते खवळतं. म्हणून नळ उघडण्याच्या जरा आधी शेवटचा चमचा. लोखंडी चमचा बर्नरवर लाल करायचा, त्यात तेलाचा थेंब सोडायचा. तडतडला तर चमचा बोलला, म्हणजे पाणी आहे. भट्टी आणि चमचा माझ्या धाकट्या भावाकडे, आशूरकडे. नळ माझ्याकडे.

करम शिडीवर उभा होता. मालकाचा, मुअल्लिम शिहाताचा थोरला मुलगा. मला अम्म म्हणतो, काका. त्याला फेस बघायचा नाद. वरून ओरडला, "अम्म मितवल्ली, ही काय म्हाताऱ्याची धार? जवान माणसासारखी सोडा की!" मी म्हटलं, "तू आधी खाली उतर, जवान माणसा." धार बारीकच ठेवली. मग टाकीच्या पोटातून गुरगुर ऐकू आली. उंट गुरगुरतो तशी. मी नळ बंद केला, पण तेल वर आलेलं होतं. ते उकळून आलं नाही, उसळून आलं, आणि करमच्या तोंडावर गेलं.

तो शिडीवरून पडला तो पाय झाडत. मी त्याला बखोटीला धरून हौदात घातलं. दोन बादल्या पाणी वरून घातलं. सदरा ओढला तर कातडी सदऱ्याबरोबर आली. तेजाब मारायला ठेवलेलं सोड्याचं पोतं शेजारीच होतं. भट्टीजवळच्या खिळ्यावरचा चमचा ओढला, तो पंजात धरून सोडा उपसला, त्याच्या मानेवर, हातांवर टाकत गेलो. चमचा हाताला गार लागला हे आठवतं, कारण बाकी सगळं भाजत होतं.

सुवैलिम तिथेच होता. वाळवंटातल्या बदू टोळीचा पोरगेला माणूस, टँकर आणतो, आपली नळी धूत होता. कालच करमनं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली होती आणि म्हणाला होता, जा, शेळ्या राख. आता कोणीतरी ओरडलं, "यानंच पाणी घातलं! नळी बघा याची!" पहिला कोण ओरडला ते मला दिसलं नाही. आवाज ओळखीचा वाटला.

माझ्या हातांना फोड आलेत. बायकोनं काळं मलम लावलंय.

बुधवार, ४ नोव्हेंबर

सुवैलिमला त्यांनी डोंगराकडच्या रस्त्यावर गाठला. कारखान्याच्या अंगणात आणून खांबाला बांधला. मुअल्लिमचे दोन पुतणे आणि आमचेच लोक. पट्ट्यानं मारलं, मग लोखंडी सळईनं. तो एकच बोलत होता, "देवाशप्पथ मी टाकीला हात लावला नाही." ते ऐकून मारणारे जास्तच चेकाळत होते.

आशूरनं दगड घेतला. मी त्याला कमरेत धरलं, तोवर त्यानं सुवैलिमच्या तोंडावर मारलाच. दात खाली पडले. आशूर माझ्या मिठीतून दुसऱ्या दगडाकडे ओढ घेत होता. मी म्हटलं, "बस रे, बस. करम तुझा दोस्त, मला कळतं." तो म्हणाला, "सोड भाऊ, त्याला बोलू देऊ नको."

मी त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन कालव्यापलीकडच्या शाळेत न्यायचो. एवढा राग त्याच्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पोलिसांची गाडी आली, चहा पिऊन गेली. मालकाकडच्यांनी आणि बदूंनीही सांगितलं, आमच्यात काही नाही. सुवैलिमला त्याचे लोक संध्याकाळी घेऊन गेले, टँकरच्या मागच्या फळीवर, गोणपाटात गुंडाळून. श्वास चालू होता.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

जुम्याच्या नमाजेनंतर इस्पितळात गेलो. करमला ओळखलं ते पायांवरून. डोळे गेले. मुअल्लिम शिहाता भिंतीशी उभा, काठीवर दोन्ही हात. दक्षिणेतल्या सोहागकडचं घराणं त्याचं, खुनाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारं. ही माणसं रडताना मी अजून पाहिली नाहीत.

मी सलाम केला, करमनं आवाज ओळखला. म्हणाला, "अम्म?"

"हां बाळा."

"चमचा गप्प होता ना?"

"गप्प होता. आशूरला विचारून मगच नळ उघडला मी."

"मग कसं झालं हो?"

मी कुराणातली यासीन म्हणत बसलो, मरणाशी टेकलेल्यासाठी म्हणतात ती. तो मध्येच म्हणाला, "तुम्ही खाली उतर म्हणाला होता." मग गुंगी आली.

रविवार, ८ नोव्हेंबर

करम पहाटे गेला. इन्ना लिल्लाही व इन्ना इलैही राजिऊन.

दफन झालं, पण मंडप नाही, खुर्च्या नाहीत, कुराण वाचणारा नाही. मी सांत्वनाला गेलो तर मुअल्लिमनं दारातच काठी आडवी धरली.

"घरी जा, मितवल्ली."

"मुअल्लिम, मी त्याला कडेवर खेळवलाय."

"म्हणूनच नीट सांगतोय. शोक घ्यायची वेळ अजून आली नाही. मारणारा जिवंत आहे तोवर माझ्या घरात कोणी मेलेला नाही."

आत बायका तोंडावर पदर दाबून होत्या. रडायचीही परवानगी नव्हती.

दुपारी पुतण्यांनी सुवैलिमच्या भावाचा टँकर पेटवला. असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजेच्या सुमाराला बदूंच्या दोन गाड्या कारखान्यासमोरून गेल्या आणि भिंतीवर गोळ्या झाडल्या. आमच्या पहारेकऱ्याच्या मांडीत एक शिरली. एका पिंपाला भोकं पडली आणि साफ केलेलं तेल, मधासारखं पिवळं, त्याच्या रक्तापर्यंत वाहत आलं. मी त्यावर माती टाकत होतो. पांढरी माती, तेलाचा रंग काढायला वापरतो तीच. हाताशी दुसरं काही नव्हतं.

बुधवार, ११ नोव्हेंबर

दोन्हीकडचे वडीलधारे वाळवंटात बसले. ठरलं की बिशआ घ्यायचा. सुवैलिम तापलेला पळा चाटेल. जीभ शाबूत राहिली तर तो निर्दोष, फोड आले तर खुनी. बदूंचा हा जुना न्याय आहे, आणि सोहागवाल्यांनीही तो मान्य केला. निकालापर्यंत सुवैलिमला अभय.

आशूर हे ऐकून खूष झाला. "झालं! आता माणसानं बोलायचं कामच नाही. देव बोलेल." पण भाकरी त्यानं तशीच टाकली. आठवडाभर नीट जेवलेला नाही. मशिदीतही येत नाही, म्हणतो पाठीत उसण आहे.

त्याची बायको नगात आमच्याकडे आली होती. तो झोपेतून उठून हात धुतो म्हणाली, आणि लिबियात कामाला जायचं म्हणतोय. मी म्हटलं, दोस्त गेलाय, मन उडालं असेल. प्रकरण मिटलं की जाऊ दे, चार दिवस वेगळी हवा लागेल. नगात माझ्याकडे बघत राहिली. तिला आणखी काही सांगायचं होतं बहुतेक, पण तिच्या कडेवरची पोरगी रडायला लागली.

टाकी मी एकट्यानं रिकामी केली. गाळ मागच्या खड्ड्यात गेला. नवा माणूस विचारत होता, तेल शुद्ध झालं मग हे काय उरलं? मी म्हटलं, आधी तेलात होतं तेच. फक्त आता वेगळं दिसतंय.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

नीट क्रमानं लिहितो.

बिशआ घेणारा शेख म्हातारा, दाढी मेंदीची. निखाऱ्यात पळा ठेवलेला, लांब दांड्याचा. एका बाजूला बदू, एका बाजूला मुअल्लिमची माणसं, सगळ्यांच्या बंदुका शेखच्या तंबूत जमा. सुवैलिमला दोघांनी धरून आणलं. जबडा सुजलेला, एक डोळा मिटलेला. शेखनं जीभ दाखवायला लावली. दोन्हीकडच्यांनी वाकून पाहिली. दगडानं फाटलेली जीभ होती ती, कडेला अजून रक्त.

एक बदू म्हातारा म्हणाला, "ही आधीच जखमी आहे. हिच्यावर कसला न्याय?"

मुअल्लिमचा पुतण्या हसला. "मग शेपटीनं चाटू दे."

शेखनं सुवैलिमला विचारलं, "माघार घेतोस?"

त्यानं मान हलवली. नाही. त्याला चूळ भरायला पाणी दिलं, पण ओठ मिटत नव्हते, सगळं हनुवटीवरून गळ्यात गेलं. तोंड कोरडंच राहिलं, आणि कोरडी जीभ लगेच भाजते. मला ते दिसत होतं. माझ्यासारखं आणखी शंभर जणांना दिसत होतं.

शेखनं लाल पळा निखाऱ्यातून काढला. सुवैलिमनं तीनदा चाटला. पहिल्यांदा आवाज आला, चर्र असा. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही, नुसता वास. तो गुडघ्यांवर बसला. किंचाळला नाही, घशातून काहीतरी घासत होतं. थोड्या वेळानं जीभ पाहिली. ती पाहून बदूंमधला एक तरुण ओकला.

शेख म्हणाला, "फोड आहेत." पण पळ्याकडे बघत म्हणाला, कोणाच्या तोंडाकडे नाही. मंगळवारी जोहरच्या, भर दुपारच्या अजानीपर्यंत अभय, त्यानंतर सुवैलिमचं रक्त मुअल्लिमचं.

आशूर माझ्या शेजारी उभा होता. त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या कानाला लागला.

मग सगळ्यांनी असर पढली. रांगा लागल्या, नमाज झाली, दुआ झाली. पळा वाळूत तसाच पडला होता. कोणाच्या पायाखाली यायला नको म्हणून मी उचलायला गेलो आणि दोन बोटं भाजली. एवढ्या वेळानंही. काळा पडलेला, निवल्यासारखा दिसत होता, पण धरवत नव्हता.

मी तिथेच बसलो.

त्या सकाळी आशूर म्हणाला, गप्प आहे. मी नळापर्यंत चालत गेलो, बिस्मिल्ला म्हटलं, नळ उघडला. करम बोलला, मी बोललो, तेल उसळलं, त्याला हौदात घातलं. दोन रकात नमाज होईल एवढाही वेळ नाही. मग चमचा पंजात धरून सोडा उपसला.

गार होता.

मी हे पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं आणि मला दिसलं नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

आशूरच्या घरी गेलो. तो चहा करत होता. मला बघून म्हणाला, "ये भाऊ, साखर जास्त घालू?"

"त्या दिवशी चमचा लावलास का?"

"कुठल्या दिवशी?"

"आशूर."

"लावला. गप्प होता."

"गार होता. मी हातात घेतला होता."

तो साखर ढवळत राहिला. मग म्हणाला, "मॅच होती रे. जादा वेळात गेली. कॅफेतून परत येतो तर बर्नर विझलेला. किती वेळ विझला होता देव जाणे. पुन्हा पेटवला. वाटलं, होईल कोरडं."

"मग सकाळी चमचा लावायचा."

"लावला असता तर बोलला असता! मग करम सगळ्यांसमोर काय म्हणाला असता, ऐकलंयस ना तू त्याचं तोंड? एरवी नेहमी गप्पच असतो तो चमचा. नेहमी! एक दिवस नाही लावला."

"आणि सुवैलिमच्या तोंडावर दगड?"

"सगळेच मारत होते."

"दगड तू घेतलास. ओरडलासही तूच."

त्यानं चहाचं भांडं भिंतीवर फेकलं. "आणि नळ कोणी उघडला? बोल ना! तेजाब कोणाच्या हातचं? मी फक्त एक शब्द बोललो, करमच्या तोंडावर ओतलंस तू!"

मी म्हटलं, "हो. म्हणून दोघं जाऊ. मी पुढे चालतो, तू मागे ये. कफन हातावर घेऊ आणि मुअल्लिमच्या दारात उभे राहू. माफ करायचं की मारायचं ते त्यानं ठरवावं."

"वेड लागलंय तुला. सोहागची माणसं आहेत ती, उभा चिरतील. सुवैलिम बदू आहे, भाऊ. त्यांच्यात मरणाचं कोणाला काय! माझ्या पोरीला अजून दात यायचेत."

मी उठलो तेव्हा त्यानं दाराचा अडसर काढला आणि माझ्या बरगड्यांवर मारला. मी पडलो. तो छातीवर गुडघा देऊन बसला आणि अडसर गळ्यावर आडवा दाबला. "म्हण, सांगणार नाही. कुराणावर म्हण." मला श्वास येत नव्हता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या तोंडावर पडत होतं. मी नाही म्हणालो. डोळ्यांपुढे काळं आलं तोवर नगात आत आली, पोर कडेवर. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "याच्यानंतर मला मारणार का? मलाही माहीत आहे."

तो उठला. मी भिंतीला धरून घरी आलो.

रविवार, १५ नोव्हेंबर

कामाला गेलो नाही. बरगडी तुटली असावी. सजद्यात जाता येत नाही, बसून नमाज पढतो. नमाजेत आशूरचं लहानपणचं तोंड दिसतं. मग सुवैलिमचं दिसतं, दगडानं फुटलेलं.

मनात असंही आलं की बदूंनी सुवैलिमला डोंगरापलीकडे पळवावं. म्हणजे मला काही करावं लागणार नाही. असं आलं, म्हणून लिहितो.

सोमवार, १६ नोव्हेंबर

पांढरं कापड आणलं. दुकानदारानं विचारलं, "अल्लाह धीर देवो. कोणासाठी?"

म्हटलं, "घरच्यासाठी."

"मोठा माणूस की लहान?"

"दोन मोठे."

त्यानं पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी आशूरच्या दाराबाहेरून सांगितलं, "मी उद्या जाणार. तुझं कापड माझ्याकडे आहे. फजरला ये, बरोबर जाऊ." आत दिवा विझला.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

उजवा हात गळ्यात बांधलाय. डाव्या हातानं लिहितोय, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतंय.

फजरला आशूर आला नाही. जाऊन पाहिलं. दारात त्याच्या चपला नव्हत्या. नगात चुलीसमोर बसली होती, पण चूल पेटवलेली नव्हती. "रात्रीच गेला," म्हणाली. कुठे ते मी विचारलं नाही.

तेव्हाच मुअल्लिमकडे जाऊ शकलो असतो. गेलो नाही. अंगण झाडलं. कोंबड्यांना दाणे टाकले. बायको म्हणाली, "जायचं असेल तर जा, नाहीतर कापड कपाटात ठेवू दे." मी म्हटलं, उन्हं वर येऊ दे. रात्री निघालेला लिबियाकडचा ट्रक एवढ्या वेळात किती लांब जातो ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

जोहरला थोडा वेळ असताना निघालो. चपला काढल्या, डोकं उघडं केलं, दोन्ही हात पुढे करून त्यांवर कापड घेतलं. रस्त्यावरची माणसं बाजूला होत गेली. कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तर अम्म मितवल्ली!" मुअल्लिमच्या दारात तीन गाड्या उभ्या होत्या आणि पुतणे बंदुका घेऊन चढले होते, अजानीची वाट बघत. मला बघून ते हसायलाही विसरले.

शिहाता बाहेर आला. कापड बघून म्हणाला, "हे काय नाटक?"

मी म्हटलं, "मुअल्लिम, सुवैलिमनं पाणी घातलं नाही. पाणी तेलातच होतं. शेवटचा चमचा लावलाच नव्हता. नळ मी उघडला. तुमच्या रक्ताचा हिशेब माझ्या घरात आहे."

"बिशआ खोटा?"

"ते देवाला माहीत. फाटलेल्या जिभेवर घेतलेला होता तो. आणि चमचा गार होता, मी हातात धरला होता."

त्यानं पुतण्याच्या हातातली बंदूक घेतली. मला वाटलं झालं. मी कलमा म्हणायला सुरुवात केली. त्यानं दस्ता माझ्या खांद्यावर घातला, हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. खाली पडलो. कापड मातीत पडू नये म्हणून डाव्या हातानं छातीशी धरलं. त्याचं लक्ष तिथे गेलं.

"दोन का?"

"एक नळ उघडणाऱ्याचं. एक चमच्याबद्दल खोटं बोलणाऱ्याचं."

"चमचा कोणाकडे होता?"

त्याला माहीत होतं. अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला ते माझ्या तोंडून हवं होतं, सगळ्यांच्या देखत. मशिदीच्या कर्ण्यात अजानीआधीची खरखर सुरू झाली. एका पुतण्यानं गाडी चालू केली.

"नाव घे, मितवल्ली. नाहीतर हे चालले."

मी म्हटलं, "आशूर. आशूर अब्दुलजव्वाद." बापासकट सांगितलं. तोच माझाही बाप.

शिहातानं हात वर केला, गाडी बंद झाली. माणसं खाली उतरली. मग तो वाकला, आशूरचं म्हणून एक कफन त्यानं काढून घेतलं, घडी घालून काखेत ठेवलं. दुसरं माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, "हे तुझं. घरी ने."